शुगर नॉर्मल आली, हृदयाचं काय?

(कवठे महांकाळ इथल्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



व्याख्यानमालेत डॉक्टरला बोलावलं की श्रोते थोडे धास्तावतात. आता हा चहातली साखर बंद करायला सांगणार, आंबा खाऊ नका म्हणणार, असं त्यांना वाटतं. आज मी गोडावर फार बोलणार नाही. माझी तक्रारच अशी आहे की मधुमेह झाला की आपण सारे, त्यात डॉक्टरही आले, फक्त गोडाचाच विचार करत बसतो.

डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून या पट्ट्यातला माणूस मोठं दुखणं आलं की मिरजेचा रस्ता धरतो. तिथे बसून कवठे महांकाळ, जत, तासगावकडच्या ज्या फाइली माझ्यासमोर येतात, त्यांतली एक तुमच्यापुढे उघडतो. ती कुणा एकाची नाही, अनेक फाइली मिळून झालेली आहे. तेव्हा माणूस कोण हे शोधू नका.

फाईल किराणा दुकानाच्या पिशवीत, वर रबर लावलेली. आत सहा-सात वर्षांचे लॅबचे कागद तारखेप्रमाणे लावलेले. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची शुगर, अलीकडे तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी. प्रत्येक आकड्याखाली मुलीने लाल पेनाने रेघ मारलेली. शेवटचा एचबीएवनसी ६.९, म्हणजे कुणीही पाठ थोपटावी असा. बीपीची नोंद मात्र साऱ्या फाइलीत एकदाच, एका जुन्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात : १५६/९४. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नाही. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी नाही. सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. तक्रार एवढीच, की बागेच्या बांधावरून चालताना हल्ली दम लागतो. ईसीजी काढला, तर हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका येऊन गेल्याची खूण. कधी आला, त्या माणसाला पत्ता नाही.

साखर मोजली, सांभाळली, आणि हृदय हातचं गेलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं मी म्हणणार नाही, कारण साखर सांभाळणं आवश्यकच आहे. डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा त्यावर वाचतात. पण मधुमेही माणसाचा जीव बहुतेक वेळा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने जातो, आणि तो आजार एकट्या साखरेच्या वाटेने येत नाही. बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, मूत्रपिंड आणि साखर या पाचांचा एकदम बंदोबस्त केला, आणि तो लवकर केला, तरच हृदय वाचतं. आजचं माझं सांगणं एवढंच आहे. बाकीचं बोलणं त्याच्या पुराव्यासाठी.

घाला कसा पडतो

द्राक्षबागायतदारांपुढे बोलतोय, म्हणून एक उदाहरण त्यांचंच घेतो. ठिबकच्या नळीत क्षार साचत जातात आणि एक दिवस ड्रीपर बंद पडतो. रक्तवाहिनीही तशीच बुजते, असं पुष्कळांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. त्या नळीला जीव नसतो. रक्तवाहिनीचं अस्तर जिवंत असतं. एकाच पेशीच्या जाडीचं हे अस्तर रक्त गोठू देत नाही आणि गरजेप्रमाणे वाहिनी सैल करतं, आवळतं. वाढलेलं बीपी, तंबाखूतली रसायनं आणि सतत चढी साखर या अस्तराला दुखावतात. दुखावलेल्या जागी एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीच्या आत शिरतं, तिथे सूज धरते, चरबीचा मऊ थर जमतो. पुष्कळदा हा थर वाहिनीची निम्मी वाटही अडवत नाही, म्हणून माणसाला काहीच त्रास नसतो. मग कधीतरी थरावरचं पातळ आवरण फाटतं, त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते आणि वाट पूर्ण बंद होते. तो हार्ट अटॅक. ‘कालपर्यंत ठणठणीत होता’ असं आपण म्हणतो, ते खोटं नसतं. धोका असतो तो थर फाटण्याचा, आणि थर किती मोठा आहे यावरून तो कळत नाही.

मधुमेहात या थराला पोषक अशी आणखी एक गोष्ट घडते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं समजलं जाणारं एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात. असे कण भिंतीत अधिक सहज शिरतात. हे सगळं शुगरचा रिपोर्ट बिघडण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे शुगर निघाली त्या दिवशी हृदयाचं दुखणं सुरू होत नाही. ते आधीच वाटेत असतं.

दुसरा घाला थेट हृदयाच्या स्नायूवर. १९७२ साली रुबलर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या चार मधुमेही रुग्णांची हकीगत छापली. त्यांचं हृदय निकामी झालं होतं, पण मोठ्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नव्हत्या. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की मधुमेही पुरुषांत हृदय दुबळं होण्याचं, म्हणजे हार्ट फेल्युअरचं, प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे अडीचपट आणि मधुमेही बायकांत सुमारे पाचपट आहे. पाळी असेपर्यंत बाईच्या हृदयाला निसर्गाचं जे संरक्षण असतं, ते मधुमेह काढून घेतो. आणि आपल्याकडे बाईचं दुखणं अंगावर काढायची रीत. हे दोन्ही एकत्र आलं की काय होतं, ते मी वॉर्डात बघतो.

बारीक माणसाची शुगर

‘माझं वजन कुठाय डॉक्टर, मला कसली शुगर?’ हा प्रश्न या भागात हमखास येतो. त्याचं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पुण्याकडचं बाळ सगळ्या बाजूंनी लहान होतं : स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखणारं बाळ.

पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक गंमतीचा फोटो छापून आला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा : २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना एकच सांगत होता, शरीर मात्र वेगळं सांगत होतं.

पोटातल्या बाळाला पुरेसं अन्न मिळालं नाही तर पुढे काय होतं, ते हॉलंडमध्ये दिसलं. तिथे १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली, तेव्हा त्यांच्यात साखर न पेलण्याचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्या तालुक्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून बसली आहे. त्या पिढीने टंचाई पाहिली, मग म्हैसाळ योजनेचं पाणी पाहिलं, बागा पाहिल्या, पायी जायचं अंतर ती मोटारसायकलने कापू लागली. कमतरतेत घडलेल्या शरीरावर अचानक सुबत्ता आली. तिचा आनंद जरूर मानावा, पण पोटाचा घेर टेपने मोजावा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला, तर वजन कितीही असो, सावध व्हावं.

या घडणीचा हृदयाशी संबंध आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातली दक्षिण आशियाची आकडेवारी नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडली. आपल्याकडे पहिला झटका येण्याचं मधलं वय ५३ निघालं, तर इतर देशांत ५९ च्या जवळ. सहा वर्षं आधी. मुलाचं शिक्षण किंवा मुलीचं लग्न व्हायचं असतं, त्या वयात. आणि यामागची कारणं गूढ नाहीत : तंबाखू, बीपी, मधुमेह, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, पोट, ताण, भाज्या-फळं कमी, व्यायाम कमी. कारणं जगाला तीच, आपल्याला लवकर गाठतात एवढंच.

मोठ्या प्रयोगांनी काय शिकवलं

आता पुरावा. ब्रिटनमध्ये १९७७ ला सुरू झालेल्या एका प्रयोगात नव्याने मधुमेह निघालेले ५,१०२ लोक होते. त्याचे निकाल १९९८ ला आले. साखर कसून सांभाळली तर डोळे, मूत्रपिंड अशा बारीक वाहिन्यांचे उपद्रव पाव हिश्शाने घटले. हृदयाच्या झटक्यातली घट मात्र तेव्हा निर्विवाद म्हणावी इतकी नव्हती. त्याच प्रयोगात काहींचं बीपी अधिक कसून सांभाळलं होतं : त्यांचं सरासरी १४४ राहिलं, दुसऱ्या गटाचं १५४, म्हणजे फरक फक्त दहा अंकांचा. तेवढ्यावर लकव्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले.

प्रयोग संपला, तरी त्या माणसांचा माग आणखी दहा वर्षं घेतला. एकदा मोकळं सोडल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली होती. तरीही ज्यांनी सुरुवातीच्या वर्षांत साखर सांभाळली, त्यांना पुढे झटके कमी आले, मृत्यूही कमी झाले. लवकर केलेल्या काळजीचं फळ उशिरा मिळालं. बीपीचं मात्र तसं झालं नाही. गोळ्या ढिल्या पडल्या आणि बीपी पुन्हा चढलं, तसा मिळालेला फायदाही ओसरला. साखरेची पुण्याई साठते, बीपीची साठत नाही. ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य ऐकलं की मला हा प्रयोग आठवतो. बीपी नॉर्मल आलेलं असतं ते गोळीमुळे.

मग साखर आणखी खाली, अगदी निरोगी माणसाइतकी आणली तर? अमेरिका आणि कॅनडात तेही करून पाहिलं. १०,२५१ लोक, बहुतेक वयस्क, हृदयाचा धोका आधीच असलेले. निम्म्यांचा एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्यासाठी औषधांचा मारा केला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण कसून उपचार केलेल्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २०३. हा धडा विसरू नका. बहुतेकांसाठी एचबीएवनसी ७ च्या आसपास पुरे, आणि सत्तरीच्या, हृदय दुबळं असलेल्या माणसाला थोडी सूटच द्यावी. साखर फार उतरली की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, ठोके बिघडतात. आजोबांची शुगर ८० आली म्हणून पेढे वाटण्याआधी त्यांना रात्री घाम फुटतो का, ते विचारा.

तिसरा प्रयोग मला सर्वांत शिकवणारा वाटतो, आणि तो सर्वांत लहान आहे. डेन्मार्कच्या स्टेनो केंद्रात फक्त १६० लोक निवडले. सगळ्यांना मधुमेह आणि सगळ्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन थोडं जाणारं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या ८० जणांवर सगळ्या आघाड्यांवर एकदम काम : साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड जपणारी गोळी, आहार, चालणं, धूम्रपान सोडवणं. जवळपास आठ वर्षांनी हृदय-रक्तवाहिन्यांचे उपद्रव या गटात निम्म्याने कमी भरले. पुढे २१ वर्षांपर्यंत माग ठेवला, तेव्हा या गटाचं आयुष्य सरासरी ७.९ वर्षांनी अधिक निघालं. कुठलंही चमत्कारी औषध नव्हतं. सगळी कामं एकाच वेळी झाली, एवढंच वेगळं होतं. आठ वर्षांत नातू शाळेत जायला लागतो आणि हायस्कूलच्या दारात येतो.

कोणती गोळी कशासाठी घ्यायची

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन ही गोळी आपल्याकडे बदनाम झाली आहे. ‘एकदा सुरू केली की कायमची लागते’, ‘लिव्हर खराब करते’, असं कट्ट्यावर ठरवून टाकतात. २००४ साली ब्रिटन-आयर्लंडमध्ये २,८३८ मधुमेही लोकांवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या अगदी लहान, १० मिलिग्रॅमच्या मात्रेचा प्रयोग झाला. त्यांना आधी हृदयविकार नव्हता आणि कोलेस्टेरॉलही फार चढं नव्हतं. तरी झटके आणि लकवे मिळून ३७ टक्क्यांनी घटले. फायदा इतका उघड होता की प्रयोग दोन वर्षं आधीच थांबवला. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, हे खरं आहे. तोट्याच्या मानाने फायदा कितीतरी मोठा आहे, हेही खरं आहे. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेही माणसांना ती लागते. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं, तरी मधुमेह्यासाठी हद्द वेगळी : एलडीएल साधारण १०० च्या खाली, बीपी-तंबाखूसारखा आणखी धोका असेल तर ७० च्या खाली, झटका येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली.

अ‍ॅस्पिरिनचं उलट झालं आहे. ती स्वस्त, ओळखीची, म्हणून ‘रक्त पातळ राहू दे’ म्हणत लोक मनानेच घेतात. २०१८ साली १५,४८० मधुमेही लोकांवरच्या प्रयोगात, आधी हृदयविकार नसलेल्यांत, झटके-लकवे १२ टक्क्यांनी कमी झाले, पण गंभीर रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढला. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाने ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, आणि ज्याला काहीच झालेलं नाही त्याने न विचारता सुरू करू नये.

आता नव्या औषधांकडे येतो. त्यांचा हृदयाला होणारा उपयोग एका धक्क्यातून कळला. रोसिग्लिटाझोन नावाची गोळी साखर छान उतरवायची. २००७ साली तिने झटक्याचा धोका वाढतो असं मांडलं गेलं आणि २०१० मध्ये भारतात ती बंद झाली. शुगरचा आकडा सुधारतो म्हणजे माणूस सुधारतो असं नाही, हे तेव्हा साऱ्या जगाला कळलं. २००७ च्या त्या धक्क्यानंतर अमेरिकेत नियम झाला की मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने आपण हृदयाला अपाय करत नाही हे सिद्ध करावं. अपाय नाही एवढंच दाखवायला गेलेल्या या प्रयोगांतून उपाय हाती लागला. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळीच्या प्रयोगात, आधीच हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेही लोकांत, हृदयाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होणं ३५ टक्क्यांनी कमी झालं.

या कुळाची गोष्ट सफरचंदाच्या झाडापासून सुरू होते. १८३५ साली फ्रान्समधल्या रसायनतज्ज्ञांनी त्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढला. तो दिला की लघवीतून साखर जाते, हे त्याच शतकात कळलं. आजच्या गोळ्या त्याच्याच सुधारलेल्या नाती. मूत्रपिंड जी साखर परत रक्तात ओढून घेतं, तिला त्या लघवीवाटे जाऊ देतात. सोबत मीठ आणि पाणीही थोडं जातं, हृदयावरचा भार हलका होतो, मूत्रपिंडावरचा दाबही उतरतो. याच कुळातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या घरातली गोळी त्यानंतर दहा रुपयांच्या आसपास, काही कंपन्यांची त्याहून खाली आली. दुसऱ्या कुळातल्या लिराग्लुटाइड या इंजेक्शननेही २०१६ च्या प्रयोगात हृदयाने होणारे मृत्यू २२ टक्क्यांनी घटवले. ज्याला झटका येऊन गेला आहे, हृदय दुबळं आहे किंवा लघवीतून अल्ब्युमिन जातं, त्याच्या चिठ्ठीत यातलं काही का नाही, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही.

पण ही गोळी मेडिकलमधून मनाने आणायची नाही. लघवीच्या जागी बुरशीची खाज होऊ शकते, स्वच्छता पाळावी लागते. कडक उपास, उलट्या-जुलाब, मोठं ऑपरेशन अशा वेळी ती थांबवावी लागते, नाहीतर साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. नवरात्रात नऊ दिवस निरंकार धरणाऱ्यांनी आणि भर उन्हात पायी पंढरीला निघणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना सांगावं. देव उपास मोडल्याने रागावत नाही, पण शरीर रागावतं.

न दुखणारा झटका

छातीत कळ, डावा हात, कपाळावर घाम, हे चित्र सिनेमाने आपल्या मनात पक्कं केलं आहे. मधुमेहात हृदयाच्या नसा बधिर होतात आणि कळ येतच नाही, किंवा नावापुरती येते. एप्रिलची खरड छाटणी चालू आहे, मजूर बागेत आहेत, आणि मालकाला एकाएकी दम लागतो, मळमळतं, अंग घामाने निथळतं, जबड्यात किंवा छाती-पोटाच्या मधे दडपल्यासारखं होतं. तो म्हणतो, पित्त झालं. सोडा पितो, सावलीत बसतो, ‘मजुरांचा पगार करून संध्याकाळी जाऊ’ म्हणतो. हृदयाच्या स्नायूला तेवढी सवड नसते. वाहिनी बंद झाली की पहिल्या काही तासांतच सगळा निकाल लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देतात, पण त्यातला खरा लाभ सुरुवातीच्या दोन-तीन तासांचा.

म्हणून नियम साधा ठेवा. चाळिशीपुढच्या मधुमेही माणसाला नवा दम, विनाकारण घाम, मळमळ किंवा गळून जाणं यांतलं काही अचानक झालं, तर आधी ईसीजी, पित्ताचा विचार नंतर. मोटारसायकलवर मागे बसवून मिरजेला पळवू नका. १०८ ला फोन करा, जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे पहिल्यांदा पोचा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशन कार्ड आणि आधार कार्ड कुठे ठेवलंय, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. त्या घाईत कपाट उचकायला वेळ नसतो.

खाणं, तंबाखू आणि मोजमाप

गोडावर बोलणार नाही म्हणालो, तरी बेदाण्याचा प्रश्न टाळता येणार नाही. नागज-केरेवाडीच्या शेडमधून रॅकवर वाळून निघणारा बेदाणा आपल्या भागाची शान आहे, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो तेव्हा पाणी उडतं, साखर उडत नाही. तीस ग्रॅम, म्हणजे एका मुठीत, जवळपास चार चमचे साखर बसते. प्रसादाला दहा दाणे ठीक, येता-जाता मूठ नको. गुळालाही तोच न्याय. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे हे आपलं जुनं ताट हृदयाला मानवणारं आहे. त्याला बिघडवतं ते मीठ : खर्डा, लोणचं, पापड आणि वरून घेतलेली चिमूट. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढ्यात भागवायचं आहे.

शेतात राबतो म्हणजे व्यायाम झाला, हे आजोबांच्या काळी खरं होतं. आज पाणी मोटरने येतं, फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते. दिवसाला अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने, आठवड्यातून पाच दिवस चालायला हवं.

तंबाखूबद्दल भिडस्तपणा नको. बिडी-सिगारेट अस्तराला जाळते, ती सोडली की वर्षभरात झटक्याचा धोका स्पष्टपणे उतरायला लागतो. चुना-तंबाखूने बीपी आणि ठोके वाढतात. आणि घरातली मिश्री हीदेखील तंबाखूच आहे. सासूबाई दात घासतात म्हणून ती औषध ठरत नाही.

आता मोजमाप. शेजारच्या साताऱ्यात हे सरकारी पातळीवर घडलं आहे. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला जे चार जिल्हे होते, त्यांत सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा यांच्यासोबत सातारा होता. तिथे गुपित काहीच नव्हतं : ठरलेला औषधक्रम, गोळ्यांचा नियमित साठा, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो आला नाही त्याची आठवण. आपल्या उपकेंद्रावरही तिशीपुढच्या माणसांचं बीपी आणि शुगर मोफत तपासतात, आशाताई घरी येऊन नोंद करतात. त्या आल्या की ‘आमच्यात कुणाला काही नाही’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका.

भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्यांना हृदयरोगतज्ज्ञ पुरणार नाहीत. गावानेच थोडं अंगावर घ्यायला हवं. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ माणसं डबे घेऊन येतात. तिथे एक चांगलं डिजिटल बीपी मशीन आणि एक वही ठेवायला किती खर्च येतो? गावातला दहावी-बारावी झालेला मुलगा ते शिकू शकतो. पाच मिनिटं बसायचं, पाठ टेकायची, दंड मोकळा ठेवायचा, बोलायचं नाही, चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद. सलग काही दिवस १३० च्या वर दिसलं की डॉक्टरांकडे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांच्या नावाने या व्याख्यानमालेने यंदा अशी चार मशीनं चार गावांत ठेवली, तर आजच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा पाच गोष्टी विचारून या. माझं बीपी १३०/८० च्या खाली आहे का? माझं एलडीएल किती आणि माझ्यासाठी ते किती हवं? लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी या वर्षी झाली का? हृदय आणि मूत्रपिंड जपणारी गोळी मला लागू पडते का? आणि माझा एचबीएवनसी माझ्या वयाला साजेसा आहे का? घरात मधुमेही बाई असेल, तर तिची फाईल आधी न्या, कारण ती स्वतःहून नेणार नाही. या पाचांतल्या चारांचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर शुगर नॉर्मल आली एवढ्यावर समाधान मानून घरी जाऊ नका. डॉक्टरांच्या समोरची खुर्ची सोडण्याआधी विचारा.